ते घरी आले, पण पहारा सुटला नाही

प्रश्न : माझे मिस्टर पलटणीत हवालदार आहेत. राष्ट्रीय रायफल्सची (आर.आर.) अडीच वर्षं काश्मीरमधल्या कुपवाड्यात काढून दोन महिन्यांच्या सुट्टीवर आलेत. महिना होऊन गेला, पण रात्री झोप नाही. बारा-एकला डोळा लागतो, तीनला उठून बसतात, मागच्या दाराची कडी बघतात, गोठ्याकडं चक्कर मारतात. उशाला कोयता असतो. एकदा झोपेत ओरडत होते म्हणून मी खांदा हलवला, तर माझं मनगट असं पिरगाळलं की दोन दिवस भाकरी थापता आली नाही. भानावर आल्यावर स्वतःच रडले. तेव्हापासून ओट्यावर झोपतात, माझ्याजवळ येत नाहीत. दुपारी मात्र तीन-चार तास झोपतात. तेव्हा मी पोरांना आवाज करू देत नाही. रात्री कँटीनची रम घेतल्याशिवाय आडवे होत नाहीत. त्यांच्या सेक्शनमधला, म्हणजे हाताखालच्या तुकडीतला, एक पोरगा तिकडं मारला गेला, एवढं त्यांच्या मित्राकडून कळलं. हे काही बोलत नाहीत. सासूबाई म्हणतात, बाहेरचं लागलंय, देवरुष्याकडं नेऊ. सासरे स्वतः फौजी. ते म्हणतात, आम्ही नाही का राहिलो? डॉक्टरचं नाव काढलं की हे म्हणतात, मेडिकल कॅटेगरी लागेल, म्हणजे फिटनेस खाली येईल, नायब सुभेदारीचं प्रमोशन जाईल. सुट्टीनंतर पीस स्टेशनला, म्हणजे शांत भागातल्या छावणीत, क्वार्टर मिळणार आहे. मुलांना घेऊन मी जावं का? माझं काही चुकतंय का?
— एक भगिनी, सातारा जिल्हा

ताई,

तुमचं काही चुकत नाही. त्यांचंही नाही. आणि तुमच्याजवळ न येण्याचं कारण तुम्ही पत्रातच लिहून गेलात : भानावर आल्यावर ते रडले. आपल्या हातून बायकोला इजा झाली याची धास्ती घेऊनच हा माणूस ओट्यावर जाऊन झोपतोय. माया आटली असती तर त्यांनी एवढी काळजी केली नसती.

पण ते मनगटाचं प्रकरण मी हलक्यात घेणार नाही. त्या क्षणी ते पुरते जागे नव्हते, समोर कोण आहे हे त्यांना कळत नव्हतं. तुमच्या जागी उद्या धाकटं पोर असू शकतं. म्हणून दोन गोष्टी आजच करा, बाकीचं नंतर वाचा.

पहिली गोष्ट कोयता. तो गुपचूप काढून ठेवू नका. रात्री हाताला लागला नाही तर आणखी घाबरतील. दिवसा, दोघंच असताना, सरळ बोला : "पोरं कधीही उठून तुमच्याकडं येतात, मला भीती वाटते. कोयता रात्री पेटीत कुलपात ठेवू." मला वाटतं ते ऐकतील. कारण हीच भीती त्यांनाही आहे. उशाला काहीच नसेल तर चैन पडणार नाही, तिथं चांगली बॅटरी ठेवा. घरात परवान्याची बंदूक असेल तर ती आणि काडतुसं वेगवेगळ्या कुलपात ठेवायची. शक्य असेल तर सध्या भावकीतल्या जाणत्या माणसाच्या घरी.

दुसरी गोष्ट उठवण्याची. अंगाला हात लावून उठवायचं नाही, कधीच नाही. पायांच्या बाजूला, हात पोचणार नाही इतक्या अंतरावर उभं राहायचं, दिवा लावायचा आणि शांत आवाजात बोलायचं : कोण बोलतंय, ते कुठं आहेत. नुसतं "अहो, अहो" करू नका, झोपेतल्या माणसाला त्यातून काही कळत नाही. नाव घ्यायला संकोच वाटत असेल तर मुलाच्या नावानं हाक मारा, अमक्याचे पप्पा म्हणून. "तुम्ही घरी आहात, गावात आहात, मी आहे." पूर्ण डोळे उघडून उत्तर देईपर्यंत जवळ जायचं नाही. मुलांना हे खेळातल्या नियमासारखं सांगा : पप्पा झोपलेले असताना अंगावर उडी नाही, लांबून हाक. काही आठवडे वेगळं झोपलात म्हणून संसार मोडत नाही. फक्त ते दोघांनी ठरवून करा, एकट्यानं ओट्यावर निघून जाण्यासारखं नको. आणि तुम्हालाही झोप हवी. तीनला तुम्हीही जाग्या असता, हे तुम्ही लिहिलं नाहीत तरी मला दिसतंय.

आता हे का होतं ते सांगते, कारण ते कळलं की घरातली निम्मी भांडणं मिटतील.

अडीच वर्षं त्यांच्या शरीराला एकच धडा मिळाला : अंधारात जागं राहील तो वाचेल. रात्री अँबुश म्हणजे दबा धरून बसणं, पहाटे कॉर्डन म्हणजे गावाला वेढा, मध्येच संतरी ड्युटी, पहाटे आणि संध्याकाळी स्टँड-टू म्हणजे हत्यार घेऊन सज्ज राहणं. झोप मिळेल तेव्हा, मिळेल तिथं, बूट न काढता. अशा दिनक्रमात मेंदूतली धोक्याची घंटा कायम चालू राहते आणि शरीराचं घड्याळ उलटं बसतं. सुट्टीचं वॉरंट हातात आलं म्हणून ते घड्याळ त्याच दिवशी सरळ होत नाही. तीनला उठून कडी बघणारा तुमचा नवरा आपलं कामच करतोय. फक्त ते काम करायची जागा आता बदललीय आणि शरीराला ते अजून पटलेलं नाही.

यातली एक गोष्ट बायकांना फार लागते. "तिकडं गोळ्यांच्या आवाजात झोपायचे आणि माझ्या घरात झोप येत नाही?" असं मला पुष्कळ जणींनी विचारलंय. त्याचं कारण साधं आहे. पोस्टवर ते झोपत तेव्हा कुणीतरी जागं असे. संतरी असे, बडी म्हणजे जोडीचा जवान असे, बदलीची वेळ ठरलेली असे. घरी सगळं गाव झोपलेलं. पहाऱ्यावर कुणीच नाही, म्हणून शरीर पहारा आपल्याच अंगावर घेतं.

यावर इलाज असा करा. रोज रात्री ठरल्या वेळी, समजा दहाला, दोघांनी मिळून घराची एक फेरी मारायची. मागची कडी, पुढची कडी, गोठा, ओट्यावरचा दिवा चालू. झालं. त्यानंतर कडी पुन्हा बघायची नाही. अंगणात कुत्रं असेल तर उत्तम. त्याचे कान कुठल्याही संतरीपेक्षा तिखट असतात, हे त्यांना तुमच्याआधी पटेल. पहिले काही दिवस तरीही उठतील, त्यावरून बोलू नका. दहाची फेरी मात्र चुकवू नका, आणि महिन्या-दोन महिन्यांत तीही साध्या कडी लावण्यावर आली पाहिजे. नाहीतर तिचाच नवा पहारा व्हायचा.

सासऱ्यांना उलटून बोलू नका, पण त्यांच्या बोलण्याचा विचार करा. "आम्ही नाही का राहिलो" यात खोटं काही नाही. ते राहिले. कसे राहिले ते तुमच्या सासूबाईंना एकदा एकटीला विचारा. रात्री-अपरात्री रानात चालत जाणारे, दिवाळीत फटाके सुरू झाले की घरातून उठून जाणारे, संध्याकाळ झाली की बाटली काढणारे किती फौजी आपण पाहिले! त्याला कुणी आजार म्हटलं नाही. 'तापट आहे', 'फौजीच तो' असं म्हणून सोडून दिलं. तुमच्याच जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरी आहे. पहिल्या महायुद्धात त्या गावानं गमावलेल्या ४६ जणांचं स्मारक तिथं उभं आहे. जे जिवंत परत आले, त्यांच्या रात्री कशा गेल्या हे मात्र कुठंच कोरलेलं नाही. त्याच युद्धात, १९१५ साली, चार्ल्स मायर्स या ब्रिटिश लष्करी डॉक्टरांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात 'शेल शॉक'बद्दल लिहिलं. शेल शॉक झालेल्या पुष्कळ सैनिकांची झोप उडालेली असे. म्हणजे ही गोष्ट शंभर वर्षांहून जुनी आहे आणि सगळ्या देशांच्या फौजांमध्ये आहे. सासऱ्यांच्या कानावर हे घाला. ते बोलायला लागले तर तुमच्या यजमानांसाठी त्यांच्यासारखा माणूस नाही.

आता झोपेबद्दल. तुम्ही त्यांना रात्री झोपवायचा प्रयत्न करताय. तो सोडून द्या. झोप जोर लावून येत नाही. 'आज झोप लागली पाहिजे' म्हणून आडवं झालं की तीच पळते. आपल्या हातात उठायची वेळ आहे, ती धरा.

रात्री कशीही गेली तरी सकाळी साडेपाच म्हणजे साडेपाच. रविवार नाही, पाहुणे नाहीत. उठल्यावर थेट बाहेर : उजेडात, रानात, वैरण काढायला, चालायला, त्यांना धावायला आवडत असेल तर धावायला. सकाळचं ऊन डोळ्यांवर पडलं की शरीराचं घड्याळ हळूहळू जागेवर येतं. फौजी माणसाला रात्री दहाला झोप म्हटलेलं जमत नाही, पण साडेपाचला फॉल-इन म्हटलेलं कळतं. हा उपाय त्यांच्या स्वभावाला धरून आहे.

आणि दुपारची झोप. इथं तुम्हाला थोडं कठोर व्हावं लागेल. तुम्ही पोरांना गप्प बसवता ते मायेनं, पण झोप ही भुकेसारखी असते. दुपारी तीन तास पोटभर झाली की रात्री ताटावर बसायची इच्छाच राहत नाही. दुपारी फार तर अर्धा तास, तीनच्या आत, गजर लावून. पोरांना खेळू द्या, आरडाओरडा करू द्या. त्या वेळेला विहिरीवरचं, गाडीचं, शाळेतलं काहीतरी काम त्यांच्या गळ्यात घाला. चहा दुपारी तीन-चारनंतर बंद. चहातलं कॅफिन पाच-सहा तासांनंतरही निम्मं अंगात असतं.

अंथरुणाचा नियम : डोळे मिटायला लागल्याशिवाय अंथरुणावर जायचं नाही. अंदाजे वीस मिनिटं झोप लागली नाही तर उठायचं, दुसरीकडं बसायचं, मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणं करायचं आणि डोळे जड झाले की परत यायचं. घड्याळ बघायचं नाही, मोबाईल तर अजिबात नाही. रात्री दोनला काश्मीरच्या बातम्या आणि पलटणीच्या ग्रुपवरचे व्हिडिओ बघून कुणाला झोप लागेल? अंथरूण म्हणजे कुशी बदलायची जागा असं शरीराच्या डोक्यात बसलंय, ते पुसायला दोन-तीन आठवडे लागतात. पहिला आठवडा उलट जास्त वाईट जाईल हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे 'काही उपयोग नाही' म्हणून सोडून देणार नाही. त्या आठवड्यात मोटारसायकलवरून लांब जाऊ देऊ नका, पेंगेत अपघात होतात. हे सगळं घरगुती वाटत असलं तरी निद्रानाशावरच्या वर्तनोपचाराचा हा गाभा आहे. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेनं २०१६ साली जुनाट निद्रानाशाला गोळीच्या आधी हाच उपचार द्यावा अशी शिफारस केली.

रमबद्दल. दोन पेगांनी डोळा लवकर लागतो, ते खरं आहे. पण दारू उतरायला लागते ती मध्यरात्रीनंतर, आणि तेव्हा झोप तुटते, घाम येतो, स्वप्नं उसळून येतात. तुमच्या यजमानांची तीनची वेळ मला त्यामुळंच विचारात पाडते. कुपवाड्याचा त्यात हात आहेच, पण रमचाही आहे. हे त्यांना उपदेश म्हणून सांगू नका. आठ दिवस वहीत लिहू द्या : किती घेतली, कधी झोपले, कितीदा उठले. फौजी माणूस स्वतःच्या रजिस्टरवर विश्वास ठेवतो. एक मात्र लक्षात ठेवा. रोज भरपूर घेण्याची सवय बऱ्याच काळाची असेल तर एका दिवसात तोडू नका. हात थरथरणं, भास होणं, फिट येणं असे प्रकार होऊ शकतात, ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करायचं. आणि मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली झोपेची गोळी नको. दारूवर ती गोळी पडली तर श्वास मंदावतो, त्यात माणसं दगावतात. घोरताना त्यांचा श्वास मध्येच अडकतो का, तेही बघून ठेवा, डॉक्टर विचारतील.

स्वप्नांविषयी. ते कशानं ओरडतात ते खोदून विचारू नका. गेलेल्या पोराविषयी तर मुळीच नाही. बोलायचं झालं तर त्यांच्या मर्जीनं, त्यांच्या वेळेला. बहुतेकदा ते गाडी चालवताना किंवा शेतात काम करताना, तोंडाकडं न बघता बोलतात. तेव्हा सल्ला द्यायचा नाही, "तुमची काय चूक" असंही घाईनं म्हणायचं नाही. ऐकायचं. जो मागे राहिला त्याला आपण का राहिलो हा प्रश्न पडतो आणि त्याचं उत्तर बायकोनं द्यायचं नसतं. तेच स्वप्न पुन्हा पुन्हा पडत असेल तर समुपदेशक एक पद्धत शिकवतात : दिवसा, शांतपणे, त्या स्वप्नाचा शेवट आपल्या मनानं बदलून लिहायचा आणि रोज थोडा वेळ तो बदललेला प्रसंग डोळ्यांपुढं आणायचा. बऱ्याच जणांची स्वप्नं यानं बोथट होतात. पण ही माहितगार माणसासोबतच करायची गोष्ट आहे. प्राझोसिन नावाची रक्तदाबाची गोळीही दुःस्वप्नांसाठी देतात. काहींना गुण येतो, पण २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या माजी सैनिकांवरच्या मोठ्या चाचणीत ती औषध नसलेल्या नुसत्या दिखाऊ गोळीपेक्षा सरस ठरली नाही. म्हणून एका गोळीनं सगळं जाईल ही आशा धरू नका.

सासूबाई देवरुष्याचं नाव काढतात, कारण त्यांचा लेक बदलून आलाय आणि त्यांना दुसरं काही सुचत नाही. त्यांच्याशी वाद घालू नका. ग्रामदेवतेला नारळ फोडू द्या, अंगारा लावू द्या, खंडोबाला जाऊन येऊ द्या. त्यात काही बिघडत नाही, आईच्या हातानं मन शांत होतं. पण झाडणं, मारणं, धुरी देणं, कोंडून ठेवणं यातलं काहीही होऊ द्यायचं नाही. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे. आणि ज्या माणसाचं शरीर आधीच हल्ल्याची वाट बघतंय त्याच्या अंगावर चौघं धावून गेले तर काय होईल, हे सासूबाईंना तुम्ही सांगण्यापेक्षा सासऱ्यांनी सांगितलेलं बरं. सासूबाईंना साडेपाचच्या चहाचं काम द्या. त्यांनाही काहीतरी करायचंच आहे.

कॅटेगरीची भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. फौजेच्या 'शेप' पद्धतीत पहिलं अक्षर मनाच्या तब्येतीचंच आहे, आणि डॉक्टरांना गरज वाटली तर तात्पुरती लो मेडिकल कॅटेगरी लागू शकते. पण झोपेची तक्रार घेऊन गेलेल्या प्रत्येकाला ती लागते असं नाही, आणि तात्पुरत्या कॅटेगरीचा ठरल्या मुदतीनं आढावा होतो, सुधारणा झाली की ती वरही जाते. दुसरी बाजू त्यांनी स्वतः तोलावी. न झोपलेला हवालदार हत्यार घेऊन सेक्शनच्या दहा पोरांची जबाबदारी सांभाळतोय, दारू वाढतेय आणि एखाद्या रात्री काही घडलं, तर मग जे कागदावर येईल त्यापुढं कॅटेगरी काहीच नाही. आपणहून, लवकर गेलेल्या माणसाच्या हातात मार्ग जास्त असतात. सुरुवात मोठ्या दवाखान्यानंच करायला हवी असंही नाही. '१४४१६' हा टेली-मानसचा, मनाच्या त्रासासाठीचा, सरकारी फोन आहे, फुकट, दिवसरात्र चालू, मराठीत बोलतात. डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात सैनिक आणि त्यांच्या कुटुंबांसाठी याचा खास कक्षही सुरू झाला. त्यांनी नाही केला तर तुम्ही स्वतःसाठी करा. घरच्यांनी फोन केला तरी चालतो. सुट्टीत जास्त त्रास वाटला तर पुण्यात खडकीचं मिलिटरी हॉस्पिटल आणि वानवडीचं कमांड हॉस्पिटल आहे. ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं पॉलिक्लिनिक सासऱ्यांसारख्या निवृत्तांसाठी असतं, तिकडं यांना घेऊन गेलात तर हेलपाटा होईल.

एवढं झाल्यावर एक गोष्ट सरळ विचारायची हिंमत करा. "माझ्यानंतर पोरांकडं बघ", "माझं इन्शुरन्स तुला पुरेल" असली भाषा आली, ते आपल्या वस्तू वाटायला लागले, किंवा त्या पोराच्या जागी आपण जायला हवं होतं असं म्हणाले, तर "जीव द्यावासा वाटतो का?" असं स्पष्ट शब्दांत विचारा. विचारल्यानं डोक्यात नवं काही शिरत नाही, उलट बऱ्याचदा माणूस मोकळा होतो. उत्तर हो आलं तर त्यांना एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. इथं कॅटेगरी, प्रमोशन, लोक काय म्हणतील, यातलं काही मध्ये आणायचं नाही.

राहिला क्वार्टरचा प्रश्न. जा. मुलांना घेऊन जा. पीस स्टेशनला रात्रीची ड्युटी कमी असते, एमआय रूम, म्हणजे पलटणीचा दवाखाना, जवळ असते, शेजारच्या क्वार्टरमध्ये तुमच्यासारख्याच दुसऱ्या कुणीतरी असतात, आणि तुमच्या यजमानांना घरच्या माणसांत राहणं हेच आता हवंय. पण निघायच्या आधी त्यांच्याकडून दोन गोष्टी कबूल करून घ्या, आणि सासऱ्यांसमोर करून घ्या. कोयता गावीच राहील. आणि तिकडं गेल्यावर पहिल्या आठवड्यात ते एमआय रूममध्ये जाऊन डॉक्टरांना एवढंच सांगतील, "साहेब, महिन्याहून जास्त झालं, रात्री झोप नाही." तुम्हीही बरोबर जा. मनगटाची गोष्ट डॉक्टरांना ते सांगतील असं धरून चालू नका. ती तुम्ही सांगा, आणि आठ दिवस लिहिलेली ती वही पुढं करा. सुट्टीचे राहिलेले दिवस साडेपाचचा गजर आणि दहाची फेरी चालू ठेवा, आणि वहीत रोजची एक ओळ.